आपल्या तोंडानं

आषाढ संपत आला होता आणि गेले नऊ दिवस पेणजवळच्या जोह्याला ऊन कसं ते दिसलं नव्हतं. कारखान्याच्या लांब शेडमध्ये गणपती ओळीने उभे होते, तसेच ओले. शाडूच्या मूर्तीला ऊन लागतं, ते नसेल तर निदान वारा तरी. दोन्ही नव्हतं. मालक हैबतरावांनी मधल्या वाटेत कोळशाच्या शेगड्या मांडल्या होत्या, आणि तासातासाने ते एखाद्या गणपतीच्या पोटाला मनगटाची उलटी बाजू लावून बघत, तापलेल्या पोराचं अंग बघावं तसं.

पारीचं काम घासायचं. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर सांध्याची रेघ राहते, बोटांचे ठसे राहतात, ते पॉलिश पेपरने घासून काढायचे. सोंडेच्या आतल्या वळणात पेपर जात नाही, तिथे ती चिंधी पाण्यात बुडवून करंगळीने फिरवायची. अकरा वर्षं हेच करून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटेना, म्हणून मागच्या साली दुकानदाराने तिला तीनदा परत पाठवलं होतं. पावसाळ्यात ओल्या मातीने हाताला पांढऱ्या भेगा पडायच्या. पण हात स्थिर होता. घासलेली मूर्ती रंगाच्या खोलीत आणि रंगवलेली मूर्ती बाहेरच्या पाटावर न्यायची ती पारीनेच. बाकीच्या बायांना हैबतराव हात लावू देत नसत.

रोह्याच्या वर, कुंडलिकेच्या काठावरच्या वाडीतून पारी आणि तिचा नवरा भिकू दर ज्येष्ठात इथे यायची. शेडमागे एक पत्र्याची खोली होती, गणपती जाईपर्यंत तिथे राहायची. भिकू माती मळायचा, पोती उचलायचा. त्यांची एकुलती मुलगी करिश्मा रोह्याला मुलींच्या हॉस्टेलवर राहून बारावी करत होती. वाडीत दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. तिला नर्स व्हायचं होतं.

पारीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण करिश्माने तिला भिकूच्या मोबाईलवर आवाज पाठवायला शिकवलं होतं. हिरव्या चौकोनात करिश्माचा फोटो दिसतो, तिथे दाबायचं, मग खाली माइकचं चित्र दाबून धरायचं आणि बोलायचं. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की पारी शेडच्या मागच्या पायरीवर बसून बोलायची. "करिश्मा, आज शेठच्या घरच्या काकीनी वालाचं बिरडं दिलं होतं गो. तू जेवलीस का? तुझा बा खोकतोय, पण बरा हाय." बोट उचललं की 'टुक' असा आवाज यायचा. तो आला की बोलणं पोरीकडे गेलं, हे तिला कळायचं. संध्याकाळी करिश्माचं उत्तर यायचं, ते ती दोनदा ऐकायची.

दहाव्या दिवशी अकराच्या सुमाराला ढग फाटले आणि अंगणात पिवळं ऊन पडलं. हैबतरावांची सून निशिगंधा मोबाईल घेऊन धावतच बाहेर आली. कारखान्याचे व्हिडिओ ती करायची. त्यामुळे दोन वर्षांत लांबलांबची गिऱ्हाइकं लागली होती, आणि पेणच्या बाजारात मूर्ती मांडून बसायचं हैबतरावांचं काम संपलं होतं.

"पारी, तो निळ्या शेल्याचा आण गो बाहेर. पुण्याच्या बाईंना उन्हात रंग बघायचाय. लाईव्ह करते. लवकर, ऊन जाईल."

पारीने पदर कंबरेला खोचला. दीड हाताची मूर्ती, आखणी झालेली, डोळे उघडलेले. तिने एक हात पाटाखाली घातला, दुसरा पाठीशी धरला आणि उंबरठा ओलांडला. पहिली पायरी तिने पायानेच चाचपली. नऊ दिवसांचं शेवाळ होतं, ते तिला माहीत होतं.

"बघा, ही आमची पारी," निशिगंधा मोबाईलमध्ये बोलत होती. "अकरा वर्षं आमच्याकडे आहे. पारी, इकडे बघ. हस ना जरा."

पारीने मान वर केली आणि हसली. दुसऱ्या पायरीवर टाच सरकली.

पडताना तिने मूर्ती छातीशी ओढून धरली होती. तरी सोंड पायरीवर आपटली, मूर्तीचा उजवा हात तुटून अंगणात गेला. कोपर सोलवटलेलं तिला नंतर कळलं. आधी ऐकू आली ती निशिगंधाची किंकाळी. आणि पारी उठून बसली तेव्हा तिच्या तोंडावर ते हसू तसंच होतं, पुसायचं राहिलेलं.

हैबतराव बाहेर आले, तुकडे बघितले. "लागलं काय गो?"

"नाय शेठ. मूर्ती गेली."

"जाऊ दे. प्रतिष्ठा झाल्याबिगर ती मातीच. साच्यातून काढताना रोज दोन-तीन फुटतात." त्यांनी वाकून सोंडेचा तुकडा उचलला, कपाळाला लावला. त्यांची बायको गिरजाबाई हळद घेऊन आली आणि पारीच्या कोपरावर दाबली. सगळे तुकडे ओढ्यात सोडले आणि दुपारी पारी पुन्हा घासायला बसली.

पण निशिगंधाच्या मोबाईलमधलं पडणं ओढ्यात सोडता येण्यासारखं नव्हतं. ते पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी तेवढाच तुकडा कापून घेतला. निशिगंधाची हाक त्यात नव्हती. नुसती एक बाई हसत येते, गणपती खाली पडतो, आणि ती बाई हसतच उठून बसते. कुणी त्याला गाण्याचा ठेका लावला. कुणी खाली लिहिलं की ह्यांच्या लेखी देव म्हणजे खेळ. दोन दिवसांत तो जोह्यात, हमरापुरात, पेणच्या बाजारात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. हैबतरावांना फोन यायला लागले. आधी माहितीतल्यांचे, मग अनोळखी माणसांचे, शिव्या देणारे. मग ज्यांनी मूर्ती सांगून ठेवल्या होत्या ते एकेक जण नको म्हणायला लागले.

"कारण तरी सांगा हो," हैबतराव फोनवर म्हणत. पलीकडून तोवर फोन बंद झालेला असे.

चौथ्या दिवशी शेडमधल्या सहा बायांना घरी बसवलं. त्या छत्र्या उघडून जाताना पारीकडे बघत गेल्या.  पारी खाली मान घालून घासत राहिली. एका उंदराचा कान तिने इतका घासला की तो पातळ होऊन तुटला.

पाचव्या दिवशी सकाळी हैबतरावांनी दोघांना पडवीत बोलावलं. हैबतरावांचा मुलगा आदर्श लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. निशिगंधा खांबाला टेकून उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

"पारी, बस," हैबतराव म्हणाले. अकरा वर्षांत पडवीत बसायला त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. ती बसली नाही.

आदर्शनेच बोलणं काढलं. "हे बघ, लोकांना राग आलाय तो तू हसलीस त्याचा. त्याला काहीतरी कारण द्यायला पाहिजे. तू माफी मागायची, व्हिडिओत. एवढंच बोलायचं की मी प्यायले होते, म्हणून असं झालं, मालकांचा दोष नाही. लोकांना ते पटतं. दोन दिवसांत विसरतात."

पारीला आधी नीट कळलंच नाही. "काय प्यायले होते?"

 मग गिरजाबाई दारातून म्हणाली, "ती पीत नाय रे. थेंबसुद्धा नाय."

"आई, ते आपल्याला माहीत आहे. त्यांना काय माहीत?"

"मी बोलतो," भिकू एकदम म्हणाला. "मी पितो तसा. माझं नाव लावा."

"पडताना ती दिसते ना भिकू. तुझ्या बोलण्याचा काय उपयोग?"

पारी निशिगंधाकडे बघत होती. "वैनी, तुम्ही हाक मारलीत म्हणून मी वर बघितलं. तेच सांगू या ना."

निशिगंधाने नवऱ्याकडे बघितलं. आदर्श लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "ते नको. मग सगळं हिच्यावर येईल, कारखान्यावर येईल. घराचं नाव आहे."

हैबतराव उठले. त्यांनी खरंच हात जोडले. "पारे, माझ्या बापाच्या वेळचा कारखाना हाय. शेडमधी दीडशे गणपती उभे हायत, नि घ्यायला कोण नाय. तुला तिकडं मुंबई-पुण्याला कोण ओळखतंय? कोण येतंय विचारायला, ही कोण म्हणून?"

भिकू तिला बाजूला घेऊन गेला. माडाखाली उभा राहून तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "बोल गो," शेवटी म्हणाला. "पुढच्या सालीबी यायचं हाय आपल्याला. करिश्माचं शिक्षण व्हायचं हाय सगळं."

शेडच्या पांढऱ्या भिंतीपाशी तिला उभं केलं. सकाळीच तिने अंघोळ केली होती, केस तेल लावून घट्ट बांधले होते. आदर्श म्हणाला, इतकी नीटनेटकी नको. तेव्हा तिने स्वतःच दोन बटा ओढून काढल्या. निशिगंधाने मोबाईल धरला. पण तिने तो लगेच खाली केला, म्हणून मग तो आदर्शने घेतला.

पहिल्या वेळी पारी हसली. दोन वर्षं तो मोबाईल समोर आला की 'हस गो पारी' हेच ऐकलेलं, तोंडाला सवय झाली होती. "हसू नको!" आदर्श ओरडला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "मी वर बघितलं तर पाय..." आणि गप्प झाली. तिसऱ्या वेळी 'भक्तांची' हा शब्द तिच्या जिभेवर बसेना. चौथ्या वेळी मागून कोंबडा ओरडला. पाचव्या वेळी सगळं नीट झालं, पण ती भिंतीकडे बघत होती. आदर्श म्हणाला, "इकडे, माझ्याकडे बघ. पाच मिनिटांचं काम आहे." रिकामी पोती घडी घालायचं निमित्त करून भिकू शेडच्या कोपऱ्यात बसला होता.

सहाव्या वेळी ती बोलली. "मी पारी भिकू हिलम. मी दारू पिऊन कामावर आले होते. माझ्या हातनं पाप झालं. मालकांचा त्यात दोष नाय. मी बाप्पाची आणि सगळ्या भक्तांची माफी मागते." मग तिने हात जोडले. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"झालं," आदर्श म्हणाला. "छान झालं."

गिरजाबाईने तिला गूळ आणि चपाती दिली. ती घेऊन ती शेडमागे गेली आणि तोंडात घास फिरवत राहिली. 

आदर्श म्हणाला होता तसंच झालं. फोन थांबले. परत गेलेल्यांतले बरेच जण पुन्हा आले. चार दिवसांनी सहाही बाया कामावर आल्या. त्यातली एक बाकीच्यांना हळूच म्हणाली, "म्हणूनच हिचा हात इतका स्थिर असंल, घेतल्यावर," आणि सगळ्या हसल्या. पारीने ऐकलं. तिला वाटलं, एवढ्यावर भागलं तर भागलं.

करिश्माचं उत्तर त्या दिवसापासून आलं नाही.

पारी रोज दुपारी पायरीवर बसून बोलायची. पहिले दोन दिवस नेहमीसारखंच, जेवलीस का, पाऊस हाय का तिकडं. तिसऱ्या दिवशी, "परीक्षा हाय का गो?" पाचव्या दिवशी, "करिश्मा, मी प्यायली नव्हती." बोट उचललं, टुक झालं. उत्तर नाही. भिकूने फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ती एकटीच निघाली. जोह्याहून पेण, पेणहून रोह्याची एसटी. खिडकीपाशी एक कॉलेजची मुलगी मोबाईल बघत बसली होती. नागोठण्याच्या अलीकडे तिने मान वर केली, पारीकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं आणि पुढच्या सीटवरच्या मैत्रिणीला बोटाने टोचलं. पारीच्या शेजारी बसलेल्या बाईने त्यांच्या मोबाईलमध्ये डोकावून बघितलं. मग काही न बोलता तिने पदराचं टोक नाकाशी धरलं आणि अंग आवरून घेतलं. पारीने नकळत तळहात तोंडापुढे धरला आणि आपलाच श्वास हुंगून बघितला. सकाळच्या चहाचा वास होता.

हॉस्टेलच्या बाई भल्या होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. "तिने नाव काढून घेतलं हो. दहा दिवस झाले. मी म्हटलं, आईवडिलांना बोलाव. अठरा पूर्ण आहेत, माझी मी सही करते म्हणाली." त्या थांबल्या. "मुली चिडवत होत्या. मी दोघी-तिघींना ओरडलेसुद्धा. पण किती जणींचे मोबाईल काढून घेणार?"

पिंकी नावाची करिश्माची खोलीतली मैत्रीण पारीला दारापर्यंत सोडायला आली. गावाबाहेर औषधांची पाकिटं भरायची कंपनी आहे, तिथे करिश्मा ठेकेदाराकडून लागली आहे, पहिली शिफ्ट तीनला सुटते, असं तिने सांगितलं.

तीन वाजता मुलींचा घोळका गेटातून बाहेर आला. गेटावरच्या खिडकीतून एकेकीने आपापला मोबाईल घेतला. करिश्मा शेवटी आली. आईला बघून ती थबकली, मग सरळ चालत आली आणि तिचा दंड धरून तिला चहाच्या टपरीमागे घेऊन गेली. ती वाळली होती. टोपीच्या रबराचा वळ कपाळावर उठला होता.

"जेवलीस का?" पारीने विचारलं.

"व्हय."

"मी प्यायली नव्हती गो."

"म्हाईत हाय."

पारी बघतच राहिली. वाटभर तिने सांगायचं ठरवलेलं सगळं त्या दोन शब्दांनी संपलं. "म्हाईत हाय तुला?"

"जलमल्यापासनं बघते मी तुला. बाबानी घेतली तर तुला वासानं वांती होते." करिश्मा टपरीच्या पत्र्यावर नखाने ओरखडे काढत होती. "मी सांगितलं सगळ्यांना, माझी आई थेंब घेत नाय. तर त्यांनी मोबाईल काढला नि तुलाच बोलायला लावलं. तू आपल्या तोंडानं बोलतेस, आये. त्याच्यापुढं मी काय बोलू?"

"शेठनी हात जोडले."

"जोडले असतील."

"तुझ्या शिक्षणासाठी, बा म्हणाला..."

"वर्गात हजेरी घ्यायचे ना," करिश्मा म्हणाली, "करिश्मा भिकू हिलम म्हणायचे, की मागनं कोणतरी लावायचं. 'मी पारी भिकू हिलम.' बाई विचारायच्या, कोण हाय तो? सगळे गप. मग दुसऱ्या दिवशी परत. माझं नाव घेतलं की आधी तुझा आवाज यायचा."

टपरीवाल्याने रेडिओ लावला. पावसाची भुरभुर सुरू झाली. पारीने पदर पोरीच्या डोक्यावर धरला, पण तो पुरला नाही.

"इथं बरं हाय," करिश्मा म्हणाली. "मोबाईल आत नेऊ देत नाय. टोपी, मास्क, नुसते डोळे दिसतात. आठ तास कोण कोणाला काय दाखवत नाय. आत गेलं की मला झोप लागल्यासारखं बरं वाटतं."

"नि बारावी?"

"बघू."

"नर्स व्हायचं होतं ना गो तुला?"

करिश्माने ओढणी नीट केली. निघताना ती आईकडे न बघता म्हणाली, "आये, एक सांगू? आवाज पाठवू नको मला. तुझा आवाज लागला की मी फोन बंद करते. आधी वाटतं, तो व्हिडिओच लागलाय."

परतीच्या एसटीत पारी शेवटच्या सीटवर तोंडावरून पदर घेऊन बसली. एवढी मोठी झाल्यावर आई मेली तेव्हाच ती अशी रडली होती, आवाज न करता, पोट आत ओढून.

दुसऱ्या दिवशी तिने निशिगंधाला विहिरीपाशी गाठलं. "वैनी, मला खरं बोलायचं हाय. मोबाईल धरा."

निशिगंधाने बादली खाली ठेवली. "मी सांगितलं होतं गं ह्यांना, तो काढून टाका म्हणून. काढलाही. पण लोकांनी उतरवून घेतलाय, तो कुठून काढणार?" तिने इकडेतिकडे बघितलं. "गणपती जाऊ देत पारी. मूर्ती सगळ्या घराबाहेर पडू देत. मग मी स्वतः करते. शपथ घेते."

पारीने गणपती जाईपर्यंत वाट बघितली. मूर्ती घासल्या, उचलल्या, टेम्पोत भरल्या. एकही पडली नाही. निशिगंधा एकदाही मोबाईल घेऊन तिच्यासमोर आली नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेड रिकामी झाली, तेव्हा हैबतरावांनी भिकूला नवं धोतर आणि पारीला लुगडं दिलं. देताना त्यांनी पारीकडे बघितलं नाही. "पुढच्या सालाला या," असं लुगड्याकडे बघूनच म्हणाले.

अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी, वाडीला निघायच्या सकाळी, निशिगंधाने शब्द पाळला. त्याच भिंतीपाशी. पारी बोलली ते एका दमात. मी प्यायली नव्हती. मी दारू पीत नाय. मान वर केली नि पाय सरकला. मला बोलायला सांगितलं म्हणून मी बोलले. मग निशिगंधाने मोबाईल स्वतःकडे फिरवला आणि म्हणाली, "हाक मी मारली होती. चूक माझी आहे." घरात आदर्शचा आवाज चढला, पण ती बधली नाही. तिने तो व्हिडिओ टाकला आणि भिकूच्या मोबाईलवरही पाठवला.

आधीचा लाखांनी बघितला होता. हा सव्वाशे जणांनी बघितला. एकाने खाली लिहिलं, ही कोण बाई? वाडीतल्या एका शाळकरी पोराने ते वाचून दाखवलं. पारीला त्याचं काही वाटलं नाही. तिला तो एकाच माणसाला दाखवायचा होता.

वाडीवर पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने तांदळाच्या चार भाकऱ्या केल्या. सुकटाची चटणी केली, करिश्माला आवडते तशी, भाजलेली मिरची घालून. फडक्यात गाठोडं बांधलं. भिकूकडून मोबाईल घेतला आणि व्हिडिओ कसा लावायचा ते तीनदा करून बघितलं. कुठे दाबायचं, आवाज कसा बारीक करायचा. कमी आवाजात, कानाशी धरून, एकटीला ऐकवायचा असं तिने ठरवलं होतं. मग डोंगरातल्या वाटेने उतरून, नदीचा पूल ओलांडून ती कंपनीच्या गेटापाशी येऊन उभी राहिली.

तीनचा भोंगा झाला. मुली बाहेर आल्या. मास्क हनुवटीखाली ओढलेले, हसत, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत. त्यांच्यात करिश्मा होती. तीही हसत होती. पारीने दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला हसताना बघितलं आणि क्षणभर ती जागच्या जागी थांबली. पण तोवर करिश्माची नजर पडली होती. हसू गेलं.

तिच्याबरोबरची मुलगीही बघत होती. गोल चेहऱ्याची, चांगल्या घरची वाटणारी, छातीवर 'सुरभी' असं नावाचं कार्ड. "कोण गं त्या? तुलाच बघतायत." मग डोळे बारीक करून म्हणाली, "ह्यांना कुठेतरी बघितलंय मी."

करिश्माच्या हाताची मूठ ओढणीवर आवळली. "आमच्या वाडीवरच्या हायत," ती म्हणाली.

पारीने ऐकलं. गाठोडं तिच्या हातात होतं, मोबाईल कंबरेच्या पिशवीत. ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली, परक्या माणसाने थांबावं तेवढ्या अंतरावर.

"व्हय," ती म्हणाली. "वाडीवरची हाय मी. बाजाराला आलेली. हिच्या आईनं भाकऱ्या दिल्यात."

करिश्माने गाठोडं घेतलं. फडकं अजून कोमट होतं. तिने ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

"आई का नाही आली?" सुरभीने सहज विचारलं.

"तिला काम हाय," पारी म्हणाली. "सुगी आली ना जवळ."

शेअर रिक्षा येऊन उभी राहिली. मुली दाटीवाटीने बसायला लागल्या, करिश्माला हाका मारायला लागल्या. ती हलेना. तिचा खालचा ओठ दाताखाली होता. पारीला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलली तर ह्या पोरींपुढे रडेल. म्हणून तिनेच घाई केली.

"जा गो, रिक्षा जाईल. तुझ्या आईला काय निरोप सांगू?"

"सांगा..." करिश्मा म्हणाली. आईला तिने जन्मात कधी 'सांगा' म्हटलं नव्हतं. "सांगा, भाकऱ्या पोचल्या म्हणून. नि मी बरी हाय म्हणून सांगा. काळजी करू नको म्हणावं."

"सांगते," पारी म्हणाली.

रिक्षा निघून गेली. पारी रस्त्याच्या कडेने पुलाकडे चालायला लागली. लिहिता न येणारं माणूस निरोप घेऊन निघालं की वाटेत विसरू नये म्हणून घोकत जातं. तशी तीही ओठातल्या ओठात म्हणत चालली होती. भाकऱ्या पोचल्या. बरी हाय. काळजी करू नको म्हणावं. भाकऱ्या पोचल्या. बरी हाय.